अपस्करणातली कोंबडी

प्रश्न असा आलाय की लाटांच्या बाबतीत डिस्पर्शन आणि डिफ्रॅक्शन यात नेमका फरक काय, आणि मराठीत दोन्हीला 'विकिरण' म्हटलं तर चालतं का. नाही चालत. हे विकिरण हल्ली वाटेल तिथं चिकटवतात, ऐकून डोकं उठतं. कोणी रेडिएशनला म्हणतं, कोणी स्कॅटरिंगला, आणि परवा एका व्हिडिओत सीडीवरच्या रंगांना एक जण एका दमात विकिरणही म्हणाला आणि अपस्करणही. अहो, सीडीवर होतं ते विवर्तन, म्हणजे डिफ्रॅक्शन. अपस्करण म्हणजे डिस्पर्शन. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे शब्द, दोन्ही मराठीत तयार आहेत.

अपस्करणात माध्यमामुळे रंग सुटे होतात. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती उजेडाला किती वळवते त्याचं माप, तांबड्याला साधारण १.५१ आणि जांभळ्याला १.५३, म्हणून लोलकातून, म्हणजे प्रिझममधून, जांभळा जास्त वळतो. विवर्तनाला कड किंवा फट लागते, लाट तिथून आडोशात वळते, आणि त्यासाठी अनेक रंग असायची गरजच नाही. डोक्याचा एक केस उभा ताणून धरा, त्यावर लेझर पॉइंटर मारा, तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्याऐवजी आडवी पट्टी दिसेल आणि तिच्यात साधारण अडीच-तीन सेंटीमीटरवर अंधाराच्या फटी. सगळं एकाच रंगात. सीडीचे खोबणीचे फेरे १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, तिथं रंग सुटे होतात ते विवर्तनामुळे, आणि तिथं जास्त वळतो तो तांबडा. लोलकाच्या बरोब्बर उलटं.

आता अपस्करण या शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे आणि ती कुणी सांगतच नाही. बरेच जण हा शब्द 'संस्कार'च्या रांगेत बसवतात, मूळ धातू कृ, म्हणजे करणे. मला हे अजिबात पटत नाही. यात धातू आहे कॄ, दीर्घ, म्हणजे विखुरणे, ज्यातून प्रकीर्ण आला, विकिरण आला आणि खुद्द 'किरण'सुद्धा आला. मग मधला स कुठून आला? पाणिनीकडून. अष्टाध्यायीत सहाव्या अध्यायात सूत्रच आहे, 'अपाच्चतुष्पाच्छकुनिष्वालेखने', म्हणजे अप उपसर्गापुढं कॄ आला आणि अर्थ चार पायांच्या जनावरानं किंवा पाखरानं जमीन उकरण्याचा असेल, तर मध्ये स येतो. जुन्या टीकाकारांची उदाहरणं बघा: आनंदानं माती उधळणारा बैल, बसायला जागा करणारा कुत्रा आणि दाणे शोधत जमीन उकरणारा कोंबडा, 'अपस्किरते कुक्कुटो भक्ष्यार्थी'. कोंबडी पायानं माती मागं सारते तेव्हा काय होतं ते कधी उकिडवं बसून बघा, माती एकीकडे, काटकी एकीकडे आणि दाणा उघडा पडतो. नुसतं पसरणं नाही ते, निवडणं आहे. लोलक पांढऱ्या उजेडाचं हेच करतो! हा शब्द ज्यानं डिस्पर्शनला लावला त्याच्या डोळ्यापुढं हे सूत्र होतं असं माझं ठाम मत आहे, नाहीतर 'अपकिरण' म्हणून मोकळा झाला असता. आणि आपली मराठी हे विसरलेली नाही, उकरणे आणि उकिरडा हेही याच कॄचे, आधी उत् लागून झालेले. म्हणजे 'कोंबडी उकिरडा उकरते' यात तोच धातू दोनदा आला.

यावर काही व्याकरणवाले म्हणतात की लोलक ना चतुष्पाद ना पक्षी, तेव्हा तो स चुकीचाच. नियम तोंडपाठ आहे पण शब्द रूपकानं पुढं जातो हे मान्य नाही, याला काय म्हणायचं? विवर्तन या शब्दाचं मूळही असंच बघण्यासारखं आहे. विवर्तनातला वृत् म्हणजे वळणे, दिव्याची वर्ति त्याचीच, तिची झाली वात, आणि आजही घरोघरी वात 'वळतात'च. इटलीच्या ग्रिमाल्दी या शास्त्रज्ञानं ठेवलेलं नाव, १६६५ साली त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलेलं 'डिफ्रॅक्शिओ', लॅटिनमध्ये तुकडे होण्याचं आहे, फ्रॅक्चरवालं. उजेड मोडत नाही, वळतो. न्यूटननंही ते नाव न घेता 'इन्फ्लेक्शन' म्हटलं, म्हणजे वाकणं. आपला विवर्तन त्या दोघांपेक्षा नेमका आहे.

हो, प्रश्न लाटांचा होता, फक्त उजेडाचा नाही. लांबच्या वादळातून खोल समुद्रातून निघालेल्या लाटांत दर वीस सेकंदांनी येणाऱ्या लाटांची ऊर्जा ताशी ५६ किलोमीटरनं येते, दर दहा सेकंदांनी येणाऱ्यांची २८नं, म्हणून किनाऱ्याला आधी लांब संथ लाटा लागतात आणि आखूड मागून येतात. हे अपस्करण. त्याच लाटा बंदराच्या ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, टोकाला वळसा घालून आत शांत पाण्यात बांधलेल्या होड्या हलवतात, ते विवर्तन. विकिरण कुठंच नाही.