'हील होतंय' हे आईला मराठीत कसं सांगायचं?

घणसोलीहून एका मुलीने विचारलंय: "समुपदेशक म्हणतात, तुझ्या लहानपणच्या जखमा हील होतायत, तू पुन्हा 'तू' होतेयस. हे आईला मराठीत कसं सांगू? 'बरी होतेय' म्हटलं की ती घाबरून विचारते, तुला झालंय काय?"

आईचं बरोबर आहे. 'बरं होणं' म्हटलं की आजार आधी आला. त्यात आम्हा ठाणेकरांना विचारूच नका. 1901 पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'ह्याला ठाण्याला न्या' हा विनोद नौपाड्यातल्या आम्ही पोरांनी मामाच्या गावी दर मे महिन्यात ऐकलाय.

माझं मत 'भरून येणं' या क्रियापदाला.

तलावपाळीवर सायकलवरून पडून माझा गुडघा फुटला होता. चार दिवसांत छान खपली धरली, आणि आत पू झाला. कंपाउंडरने खपली काढली, जखम धुतली, आत गॉजची पट्टी सारली. मग रोज तेच. आजी रोज चष्मा लावून वाकून बघायची आणि म्हणायची, "वरून मिटायला नको रे, बुडापासून भरून यायला हवी." तिचं हे वाक्य मनाच्या जखमेला जसंच्या तसं चालतं. शिवाय आपल्याकडे डोळे भरून येतात, गळा भरून येतो, आभाळही भरून येतं. समुपदेशकासमोर रडू फुटणं आणि जखम सुधारणं या दोन्हींना एकच क्रियापद, ही मराठीची श्रीमंती.

'ट्रॉमा'ला 'आघात' हा छापील शब्द आहे. पण एकदाच बसलेला घाव नसून वर्षानुवर्षं टोचणारं काही असेल, तर 'सल' नेमका. तो संस्कृत 'शल्य'वरून आला, म्हणजे आत रुतून बसलेला काटा.

खूण राहिली तर? तिला 'व्रण' म्हणा. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच, मराठीत मात्र बहुधा तिची खूण. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, या शब्दाची फोड देताना म्हटलंय की जखम भरली तरी तिची खूण देह असेतोवर जात नाही, म्हणून तो व्रण. माझ्या गुडघ्यावर तो अजून आहे, आणि दाबला तरी दुखत नाही.

राहिलं 'पुन्हा तू होणं'. 'खऱ्या स्वत्वाचा शोध' वगैरे भाषणात ठीक, आईसमोर नको. 'माझी मी मला सापडतेय' म्हणता येईल. पण त्याहून जुना शब्द आहे, 'स्वस्थ': स्व अधिक स्थ, आपल्या ठायी असलेला. सुश्रुताच्या स्वस्थ माणसाच्या व्याख्येत दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती), धातू समतोल असण्याच्या जोडीला आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असणंही आहे.

गंमत अशी, की मनाची तगमग झाली की 'अस्वस्थ' आपण सहज म्हणतो. 'स्वस्थ' मात्र पोरांना गप्प करायला ठेवलाय. 'स्वस्थ बस म्हटलं ना!' हे ज्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचं, तिथे तो जरा जपूनच वापरावा. तुमच्या घरी तसं नसेल, तर एवढंच म्हणा: "आई, लहानपणचा एक सल आत राहून गेला होता. तो निघाला, आता भरून येतंय. खूप दिवसांनी स्वस्थ वाटतंय."