लिमिट लावूनही डिस्टिंक्ट क्वेरी संथ का चालते?

प्रश्न : आमच्या निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदी (नोड) आणि त्यांच्यातील नाती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, ग्राहकांचे काही लाख नोड असून प्रत्येकावर शहराचे नाव प्रॉपर्टी (गुणधर्म) म्हणून नोंदलेले आहे. ‘रिटर्न डिस्टिंक्ट’ (पुनरावृत्ती टाळून मूल्ये परत दे) लिहून लिमिट, म्हणजे परत येणाऱ्या ओळींची मर्यादा, 20 ठेवली तर शहरांची नावे क्षणात येतात, पण लिमिट 50 केली की तीच क्वेरी रेंगाळते. असे का होते? लिमिट डिस्टिंक्टच्या आधी लावावी का?

उत्तर : लिमिट किती ओळी परत येतील हे ठरवते, त्या मिळवण्यासाठी किती ओळी वाचाव्या लागतील, हे ती ठरवत नाही. सायफर या निओफोरजेच्या क्वेरी-भाषेतील डिस्टिंक्ट सर्व ओळी आधी गोळा करत बसत नाही. खालून आलेल्या प्रत्येक ओळीतील मूल्य आधी दिसले आहे का, हे ते पाहते, नवे असेल तर वर पाठवते आणि जुने असेल तर टाकून देते. लिमिटची संख्या भरली की सारे वाचन तिथेच थांबते. पहिली 20 शहरे बहुधा सुरुवातीच्या काही शे ग्राहकांतच सापडत असावीत. परंतु तुमच्या नोंदींत एकूण शहरेच 41 असतील, तर पन्नासावे शहर कधीच येणार नाही, आणि डेटाबेसला हे आधी कळण्याचा मार्ग नसल्यामुळे तो शेवटच्या ग्राहकापर्यंत वाचत राहील. शहरे 50 हून अधिक असली, पण त्यांतील काहींत मोजकेच ग्राहक असले, तरी जवळजवळ हाच अनुभव येईल.

लिमिट आधी लावल्यास क्वेरी वेगवान होईल, पण प्रश्नच बदलेल : पहिले 50 ग्राहक घेतले जातील आणि त्यांच्यात तीनच शहरे असतील तर तीनच परत येतील. हा उपाय मी मुळीच सुचवणार नाही. निकाल क्रमाने लावणारे ऑर्डर बाय जोडताना मात्र सावध राहावे, कारण क्रम इंडेक्सकडून (शोधासाठी आधीच लावून ठेवलेल्या सूचीकडून) आयता मिळत नसेल, तर पहिली 50 नावे कोणती हे सगळी पाहिल्याशिवाय ठरत नाही.

खरा उपाय मांडणीत आहे. शहराला स्वतंत्र नोड करा, ग्राहकाला त्याच्याशी रिलेशनशिपने (नात्याने) जोडा आणि क्वेरी शहरांपासून सुरू करून ‘या शहरात एक तरी ग्राहक आहे का’ एवढेच एक्झिस्ट्स या अटीने विचारा. प्रत्येक शहर एकदाच येत असल्याने डिस्टिंक्टची गरज उरत नाही, आणि पहिला ग्राहक सापडताच त्या शहराची तपासणी संपते. ग्राहकांवर कडक अट असेल, उदाहरणार्थ एखादे क्वचित विकले जाणारे उत्पादन, तर मात्र त्या उत्पादनाकडून निघणेच स्वस्त पडते, कारण एरवी मोठ्या शहरांतील हजारो ग्राहक निष्फळ तपासले जातील.

याहून मोठा खर्च एका नोडवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या अनेक टप्प्यांच्या मार्गांत, जसे ओळखीच्यांच्या ओळखी शोधताना, लपलेला असतो. प्रत्येक व्यक्तीच्या 50 ओळखी धरल्या, तर चौथ्या टप्प्यावर सुमारे 62,50,000 मार्ग होतात, जरी पोहोचलेली माणसे त्यांतील अगदी थोडीच असली; आणि साध्या विस्तारात प्रत्येक मार्ग ही एक ओळ असते. फक्त शेवटचे वेगवेगळे नोड मागितले, तर निओफोरजेचा प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग, पुनरावृत्ती वाटेतच छाटणारा प्रूनिंग विस्तार निवडू शकतो. संपूर्ण मार्गच परत मागितला तर ती सवलत जाते. पुढचे तपशील जोडायचे असल्यास आधी ‘विथ डिस्टिंक्ट’ आणि लिमिटने नोड कमी करून घ्यावेत, म्हणजे तो खर्च निवडलेल्या नोडपुरताच राहतो.

हे अंदाजाने ठरवू नका. क्वेरीच्या आधी प्रोफाइल हा शब्द लिहून ती चालवा, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर किती ओळी गेल्या हे दिसते. एक्सप्लेनने केवळ आराखडा दिसतो, क्वेरी चालत नाही. डिस्टिंक्टमध्ये शिरलेल्या आणि तिथून निघालेल्या ओळींचे आकडे शेजारी ठेवून पाहा : आत लाखो आणि बाहेर 41, असे दिसले तर लिमिटचा आकडा बदलत बसण्याऐवजी शहराचा नोड करण्याचे काम हाती घ्या.