स्वतःला लायक वाटत नसेल तर प्रभुभोजन घ्यावं का? त्यातून विसावा कसा मिळतो?

तुम्ही लिहिलंय की चर्चला नेमानं जाता, पण प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्या दिवशी, मेजावरचं पांढरं कापड दिसलं की पोटात गोळा येतो आणि पाळक भाकर मोडायच्या आत तुम्ही बाहेर येऊन उभे राहता. मीही दीड वर्ष असाच बाहेर उभा होतो, म्हणून लिहितोय.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीचा. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वडिलांच्या जमिनीवरून माझं आणि थोरल्या भावाचं बिनसलं. बांधावर नको ते बोललो, तेही आईसमोर. त्यानंतर मेजाकडे बघायचीही हिंमत होईना. डोक्यात एकच वचन घोळायचं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायातलं: जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो दोषी ठरेल.

शेवटी त्याच वचनानं मला आत आणलं. आमच्या पाळकांनी एका संध्याकाळी समोर बसवून अख्खा अध्याय मोठ्यानं वाचायला लावला. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल 'अयोग्य माणूस' असं म्हणतच नाही, 'अयोग्य प्रकारे' म्हणतो. तो प्रकार कोणता, तेही थोडं आधी लिहिलेलं आहे. करिंथची मंडळी एकत्र जेवायला जमायची, पण काही जण आपापलं आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे, कोणी तर झिंगायचे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहायचे. पौल संतापला तो यावर. शेवटी तो सांगतो काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आत्मपरीक्षेचंही तसंच. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, असं आहे. परीक्षा करून बाहेर जावं असं कुठंही नाही.

नगरच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. 1831 साली अमेरिकन मराठी मिशननं इथं काम सुरू केलं, तेव्हा ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचे अशी माणसं पुढं त्या मेजाशी इतरांच्या बरोबरीनं बसली. आमचे पणजोबा त्यांच्यातलेच. गावात पाणी मागतानासुद्धा त्यांना आधी जात विचारली जायची. या मेजाशी कोणी विचारली नाही.

पहिल्या मेजाशी तरी कोण होतं? लूकच्या शुभवर्तमानात प्याला दिल्यानंतर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर या मेजावर आहे. शिष्य पेत्र त्याच रात्री येशूला तीनदा नाकारणार होता. येशूला दोन्ही ठाऊक होतं, तरी त्यानं भाकर मोडून दिली. कृपा म्हणतात ती मला इथं कळते.

आता विसाव्याचं. आमच्याकडे ट्रे बाकांवरून हातोहात फिरतो: पावाचे चौकोनी तुकडे, मनुका भिजवून काढलेला रस, काचेच्या बोटभर प्याल्या. त्या रविवारी मी उशिरा पोचलो आणि जागा मिळाली ती नेमकी भावाशेजारी. ट्रे त्यानंच माझ्यापुढे धरला. त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळून काळं झालं होतं. विहिरीवरच्या मोटारीचं काम करताना लागलं असणार, मला पत्ताही नव्हता. माझा हात थरथरत होता, प्याल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. मी एक उचलेपर्यंत तो ट्रे तसाच धरून थांबला.

आई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन यायची, तेव्हा अंगणातूनच हाक मारायची, "हात लाव रे." दोघांनी मिळून भारा खाली ठेवला की ती तिथंच भिंतीला टेकून बसायची. न बोलता. 'कष्टी व भाराक्रांत जनहो' हे येशूचं बोलावणं लहानपणापासून पाठ होतं, पण तो विसावा म्हणजे आईचं ते टेकून बसणं, हे मला त्या बाकावर कळलं. जमिनीचं अजून मिटलेलं नाही. मी मात्र पुन्हा बाहेर उभा राहिलो नाही.

तुम्ही कॅथलिक असाल तर रीत वेगळी आहे. गंभीर पाप मनाला टोचत असेल, तर आधी धर्मगुरूंकडे पापनिवेदन आणि मग ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाला तिकडे असं म्हणतात). तेव्हा फादरांशी बोला, ते काही तुम्हाला हाकलून देणार नाहीत. प्रोटेस्टंट असाल आणि बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) राहिलं असेल, तर पाळकांना विचारा.

ज्याच्याशी बिनसलंय त्याला एक फोन करता आला तर जरूर करा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूनंच सांगितलंय. त्यानं फोन उचलला नाही तरी पहिल्या रविवारी चर्चला जा. फक्त दाराजवळच्या बाकावर बसू नका, तिथून उठून जाणं फार सोपं असतं. मधे बसा, दोन्ही बाजूंना माणसं असतील असं.