इन्शुरन्स सोडून पुण्याला ट्रीटमेंट घ्यायची? जरा थांबा

न्यू जर्सीतल्या एडिसनचे एक वाचक विचारतायत, वय ५८, बायको ५६, यंदा (२०२५) नोकरी सोडली, पुढच्या वर्षी (२०२६) ४०१के या रिटायरमेंट खात्यातून ७८,००० डॉलर काढणार आणि भारतातल्या एनआरई एफडीचं व्याज साधारण १२,०००. म्हणजे ९०,०००. या उत्पन्नावर प्रीमियमला फेडरल मदत काहीच मिळत नाही आणि मार्केटप्लेसवरचा (ओबामाकेअरचा) सिल्व्हर प्लॅन दोघांना महिना २,२५० पडतोय, मग इन्शुरन्स सोडून द्यावा आणि काही झालंच तर पुण्याला जाऊन करून घ्यावं का?

दादा, माझं उत्तर नाही असं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन, दात, मोतीबिंदू यासाठी पुणे ठीक आहे हो, पण छातीत कळ आली की तुम्ही नेवार्कला जाऊन विमानात बसणार आहात का? आणि एकदा सोडला की मनात आलं म्हणून मधेच परत घेता येत नाही, पुढच्या एनरोलमेंटपर्यंत वाट बघावी लागते. शिवाय न्यू जर्सीत इन्शुरन्स नसेल तर स्टेट टॅक्स भरताना दंड आहे तो वेगळाच.

आता खरा मुद्दा. २०२१ पासून नियम असा होता की बेंचमार्क सिल्व्हर प्लॅनला (म्हणजे तुमच्या भागातला दुसरा सगळ्यात स्वस्त सिल्व्हर) उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त द्यावं लागायचं नाही, उत्पन्न कितीही असो. ती सोय ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. २०२६ ला परत कडा आली, दोघांच्या घराला ८४,६०० डॉलर, त्याच्यावर एक डॉलर गेला तरी फेडरल मदत शून्य. तुम्ही ५,४०० ने वर आहात आणि त्यासाठी अख्खा इन्शुरन्स सोडायला निघालात!

त्यापेक्षा हे करा. एचएसए म्हणजे औषधपाण्यासाठीचं बचत खातं, त्यात टाकलेले पैसे फेडरल उत्पन्नातून वजा होतात. २०२६ पासून मार्केटप्लेसचे ब्रॉंझ प्लॅन (सिल्व्हरच्या खालचे) एचएसएला चालतात. २०२६ ला दोघांच्या कव्हरवर ८,७५० आणि दोघंही ५५ च्या वर म्हणून प्रत्येकी १,००० आणखी, बायकोचे तिच्या स्वतःच्या एचएसए खात्यात, एकूण १०,७५०. फेडरल उत्पन्न आलं ७९,२५० वर. तुमचाच सिल्व्हर प्लॅन बेंचमार्क धरला तर त्यातला तुमचा वाटा वर्षाला साधारण ७,९०० आणि वरचे १९,००० च्या आसपास मदत, ती ब्रॉंझलाही वापरता येते. न्यू जर्सी स्टेट टॅक्समधे एचएसएची सूट देत नाही, पण इथे फेडरल आकडाच बघतात. ब्रॉंझचा डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) मोठा असतो हे खरंय, पण नेटवर्कमधे माणशी २०२६ ला १०,६०० च्या वर खर्च जात नाही आणि तेवढे एचएसएत पडलेले असतील. ३१ डिसेंबरपर्यंत गेट कव्हर्ड न्यू जर्सीवर (राज्याच्या मार्केटप्लेसवर) प्लॅन घ्या म्हणजे १ जानेवारीपासून कव्हर सुरू.

एक मात्र जपा. एनआरईचं व्याज भारतात टॅक्स-फ्री असलं तरी इथे मोजलं जातं (हे तुम्ही बरोबर धरलंत, पुष्कळ जण विसरतात) आणि पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलात तर तेही मोजा. २०२६ पासून उत्पन्न चुकून त्या कड्याच्या वर गेलं तर घेतलेली सगळी फेडरल मदत परत करावी लागते, कड्याच्या खालच्यांना परतफेडीची मर्यादा होती तीही काढून टाकली. म्हणून तीन-चार हजारांचं अंतर ठेवाच आणि वर्षात एकदम मोठे शेअर विकू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंत की मेडिकेड वगैरे गरिबांचं, आपला काय संबंध. मला हे वाचून वाईट वाटलं. तुम्हाला मेडिकेअरला (६५ नंतरचा सरकारी इन्शुरन्स) अजून सात वर्षं आहेत आणि ती सात वर्षं तुम्ही याच सरकारी आधारावर काढणार आहात. तब्येत चांगली असलेली माणसं महाग म्हणून बाहेर पडली की मागे आजारी उरतात आणि तुमचाच प्रीमियम चढतो. २०२७ पासून मेडिकेडवरच्या बऱ्याच लोकांना महिन्याला ८० तास काम केल्याचे कागद द्यावे लागणार आहेत. आर्कान्सामधे २०१८ ला असंच केलं तेव्हा काही महिन्यांत १८,००० च्या वर लोकांचं कव्हर गेलं, त्यात काम करणारेही होते, नुसती नोंद करता आली नाही म्हणून. तुमच्या ओळखीच्या डब्याच्या मावशी, गॅस स्टेशनवरचा मुलगा, यांच्यावर हे येणार आहे.

न्यू जर्सीने २०२१ च्या कव्हरेजपासून स्वतःचं मार्केटप्लेस चालवलंय आणि स्वतःच्या पैशातून वेगळी मदतही देते, त्याचं बजेट राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमधे ठरतं. तुमच्या असेंब्ली मेंबरच्या आणि काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करा, हेच ९०,००० आणि ८४,६०० चे आकडे सांगा, मावशींबद्दलही बोला. आणि प्लॅन घेतलात की मला कळवा, एचएसए कुठे उघडायचं ते बघू.