जुन्या गाडीच्या छताचे अस्तर: उतरवायचे कसे आणि वाचवायचे कसे

प्रश्न : आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजही ती चालू स्थितीत आहे. २०१९ च्या महापुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा, ती गावभागातील आमच्या वाड्यातच अडकली. पाणी सीटच्या वर चढले, छताला लागले नाही. पण पुढे कित्येक दिवस गाडी बंद राहिल्याने छताच्या रेक्झिनवर काळी बुरशी धरली, आणि आता मागच्या बाजूला ते झोळीसारखे लोंबते आहे. येथील एका कुशनवाल्याचे म्हणणे असे, की हे फाडून टाकावे आणि पत्र्यालाच फोमचे कापड चिकटवून घ्यावे. इकडे मिरजेच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे याच गाडीचा सांगाडा आला असून त्याचे अस्तर बरेच शाबूत दिसते. ते न फाटता काढता येईल काय, आणि काढले तर आमच्या गाडीला बसेल काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काढता येईल आणि बसेलही, मात्र भंगारवाल्याने गॅस कटरने छताचे खांब कापायला घेण्यापूर्वी आपण तेथे पोहोचले पाहिजे. आजच जाऊन त्याला विसार द्यावा आणि सौद्यात पुढच्या व मागच्या काचेची रबरे, सनवायझर आणि आतल्या दिव्याची काचही धरून घ्यावी. अस्तर मिळते, पण या बारीकसारीक वस्तूंसाठी नंतर वणवण करावी लागते.

पत्र्याला फोम चिकटवण्याचा सल्ला मात्र आपण मानू नये, असे मला मनापासून वाटते. पद्मिनी, ॲम्बेसेडर यांसारख्या गाड्यांचे अस्तर छताला चिकटवलेले नसते. ते टांगलेले असते. रेक्झिनच्या पाठीमागे आडव्या पट्ट्या शिवून नळीसारखे नेफे केलेले असतात, त्या नेफ्यांतून पोलादी तारेच्या कमानी ओवलेल्या असतात, आणि कमानींची टोके दोन्ही बाजूंच्या पत्र्यातील भोकांत अडकवून सगळा ताण त्यांच्यावर दिलेला असतो. त्यामुळे पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो, तेव्हा हाच थर आतल्या माणसांचे डोके वाचवतो. फोम पत्र्याला थेट चिकटवला, तर उन्हाने सोल्युशन मऊ पडून कापड सुटू लागते, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आतल्या बाजूला धरलेला दमटपणा फोममध्ये मुरून छताला आतून गंज चढतो. पूर सोसलेल्या गाडीला तर हे मुळीच परवडणारे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भंगारातल्या सांगाड्यावर आधी हात बसवावा आणि मग आपल्या गाडीचे अस्तर उतरवावे. दिवस कोरडा आणि उन्हाचा निवडावा. जुने रेक्झिन सकाळच्या गारव्यात कडक असते आणि घडी पडेल तेथे तडकते. तेच दुपारी, गाडी तासभर उन्हात राहिल्यावर, कातड्यासारखे मऊ होते. नाकातोंडाला मास्क बांधावा, कारण अस्तराच्या वर चाळीस वर्षांची धूळ, कुजलेले नमद्याचे तुकडे आणि आपल्या गाडीत बुरशीही असणार. आपल्या गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मगच आतला दिवा उतरवावा. सनवायझर, आरसा, हातधरणी हे सर्व काढून त्यांचे स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत बांधावेत व पुडीवर जागा लिहावी.

त्यानंतर काचा. अस्तराची पुढची आणि मागची कड सहसा काचेच्या रबराखाली दुमडलेली असते, म्हणून काचा उतरवल्याशिवाय ती सुटत नाही. तशीच ओढली तर नेमकी तेथेच फाटते. रबराची आतली ओठी लाकडी पट्टीने हळूहळू पत्र्याच्या कडेवरून उचलावी, आणि बाहेर एका माणसाने दोन्ही तळहातांनी काच झेलावी. लोखंडी हत्यार काचेच्या कडेला लागू देऊ नये. कडक केलेल्या काचेच्या मधोमध बसलेला ठोका ती एक वेळ सोसते, पण कडेला बसलेल्या लहानशा टोल्यानेही तिचा चुरा होतो.

दारांच्या चौकटीवरचे बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, ओढून काढले, की अस्तराच्या बाजूच्या कडा उघड्या पडतात. येथे घाई करू नये. केस वाळवण्याचा ड्रायर वीतभर जागेवर फिरवून जुने सोल्युशन मऊ करावे, बोथट कलथ्याने कड उचलावी, आणि मग पुढची वीत धरावी. थिनर किंवा पेट्रोल वापरून ही कड सोडवू नये. रेक्झिन त्याने आखडते, आणि बंद गाडीत साठलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. कडा सुटण्याआधी अस्तराच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या बरोबर मध्यावर, तसेच समोरच्या पत्र्यावर, पेन्सिलीने खूण करून ठेवावी. परत बसवताना शिवणी गाडीत सरळ येतील की तिरप्या, हे या दोन खुणांवर ठरते.

शेवटी कमानी. या टप्प्यावर मी स्वतः एकदा चुकलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. साताऱ्यात एका ॲम्बेसेडरचे काम करताना सगळ्या कमानी सारख्याच दिसतात म्हणून मी त्या काढून एका कोपऱ्यात उभ्या केल्या. बसवायला घेतल्यावर कळले, की प्रत्येकीचा बाक थोडा वेगळा आहे आणि पत्र्यात प्रत्येक कमानीसाठी एकाहून अधिक भोके आहेत. दोन दिवस उलटसुलट करूनही अस्तराला सुरकुत्या राहिल्याच. तेव्हापासून मी प्रत्येक कमानीच्या डाव्या टोकाला चिकटपट्टी लावून पुढून मागे अनुक्रमांक लिहितो, आणि ती ज्या भोकात होती त्याभोवती पत्र्यावर रंगाचा ठिपका देतो. काही गाड्यांत शेवटची कमान बारीक आकड्यांनी मागच्या पत्र्याकडे ओढून धरलेली असते. ते आकडे आधी सोडवावेत. मग कमान मध्यावर धरून खाली कलती करावी, म्हणजे टोके भोकांतून सुटतात. गाडीच्या आत नेफ्यातून कमान उपसू नये. अस्तर कमानींसह बाहेर आणून चादरीवर पालथे घालावे.

पालथे घातलेले अस्तर नीट पाहावे. प्रत्येक नेफ्यावर गंजाची एक तांबूस रेघ उमटलेली असते, आणि तिच्या दोन्ही टोकांना धुळीचा गडद डाग संपून स्वच्छ पट्टी सुरू होते. कमान कोठपर्यंत होती आणि रेक्झिन किती ताणलेले होते, हे तो डाग सांगतो. म्हणूनच आपले बुरशी लागलेले अस्तरही टाकून देऊ नये. भंगारातले अस्तर एखाद्या ठिकाणी कमी पडले किंवा पुढे कधी नवे शिवून घ्यावे लागले, तर याच्याइतका अचूक बेत दुसरा मिळणार नाही. कारागिराच्या हाती नुसती मापे देण्यापेक्षा हा नमुना द्यावा.

नेफ्याचे कापड शाबूत असून फक्त दोरा कुजला असेल, तर जुन्याच छिद्रांतून पॉलिएस्टरच्या दोऱ्याने पुन्हा टीप मारून घ्यावी. नवी छिद्रे पाडली, तर रेक्झिन त्या ओळीवर टरकते. दर्शनी बाजू कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवावी आणि सावलीत वाळवावी. बुरशीचे काळे ठिपके पूर्ण जातीलच असे नाही. ब्लीचने ते फिके पडतात, पण शिवणीचा दोरा दुबळा होतो, म्हणून मी ते टाळतो. अस्तर घडी करून ठेवू नये. जाड पीव्हीसी पाइपवर गुंडाळून ठेवावे. कमानी पॉलिश कागदाने घासून, रेड ऑक्साइड आणि वर रंग देऊन पूर्ण वाळल्यावरच ओवाव्यात, नाहीतर गंजाची रेघ नव्या नेफ्यातही उतरेल.

छत उघडे असताना कमानींची भोके आणि वरच्या पन्हळीची आतली बाजू टॉर्च घेऊन तपासावी. गंज खरवडून तेथेही रेड ऑक्साइड द्यावे. अस्तर बसवताना आधी कमानी, मग मध्यखुणा जुळवून पुढची व मागची कड, आणि सर्वांत शेवटी बाजूच्या कडा, असा क्रम ठेवावा. रबरी सोल्युशन अस्तराच्या कडेला आणि पत्र्याला असे दोन्हीकडे लावून, ते हाताला चिकटेनासे झाल्यावरच दाबावे. काच परत बसवताना रबराच्या खाचेत सुतळीसारखी दोरी भरून तिची टोके आत ठेवावीत. बाहेरून काच दाबत आतून दोरी ओढली, की रबराची ओठी पत्र्यावर आपोआप चढते.

प्रश्न : आमच्या २००२ सालच्या सेडान गाडीत छताचे कापड सुटून डोक्याला लागते. मागे टाचण्या टोचल्या, पण ते पुन्हा सुटते. पूर्ण छत काढावे लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होय. आपल्या गाडीत कमानी नाहीत. साच्यात घडवलेल्या पुठ्ठ्यासारख्या फळीवर पातळ फोम आणि त्यावर कापड असते. कापड धड असते, पण मधला फोम उष्णतेने व दमटपणाने भुकटी होऊन गळतो, म्हणून टाचणी किंवा सोल्युशन धरायला काही उरतच नाही. दिवा, हातधरण्या आणि खांबांवरची आवरणे काढून, पुढच्या सीट पूर्ण मागे लोटून फळी दोघांनी मिळून पुढच्या दारातून तिरपी बाहेर काढावी. ती वाकवली तर मोडते. पडदा एअरबॅग (धडकेच्या वेळी छताच्या कडेतून खिडकीवर पडद्यासारखी फुगणारी पिशवी) असलेल्या गाडीत मात्र खांबांच्या आवरणांना घरी हात लावू नये. जुने कापड ओढून काढल्यावर उरलेला फोम नायलॉनच्या ब्रशने, बोट फिरवले तर पिवळी भुकटी लागणार नाही इतका झाडावा, आणि मगच फोम लावलेले नवे कापड मध्यापासून कडांकडे चिकटवावे. फळीवर तडा असेल, तर मागच्या बाजूने कापडाची पट्टी लावून तो आधी सांधून घ्यावा.