आइस्ड कॉफी कडू होते? आधी चिकोरी किती आहे ते बघा

ताई, तुमची तक्रार वाचली. गोव्यातल्या फोंड्याच्या घरी फिल्टर कॉफी बर्फावर ओतली की पाणचट लागते, आणि पावडर वाढवली की कडू होते. मी याच चक्रात बरेच महिने काढलेत, म्हणून जरा लांबलचक लिहिते. फिल्टर कसा लावायचा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

माझा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा खाल्ला तो पावडरीने. एका नावाजलेल्या दुकानातून दळून आणायचे. पिशवीवर फक्त दुकानाचं नाव. कडवट लागते म्हणून सांगायला गेले तर कधी ‘भाजणी डार्क आहे’, कधी ‘तुमचं दूध पातळ असणार’. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, आहे का असं सरळ विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘सगळे हीच नेतात.’ शेवटी आत दळणाऱ्या माणसाने सांगितलं की जवळजवळ अर्धी चिकोरी आहे. चिकोरी आवडीने पिणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, दुधाच्या गरम कॉफीत ती शोभतेसुद्धा. पण कॉफीच्या भावाने न सांगता ती गळ्यात मारायची, याचा मला आजही संताप येतो. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. छापलेलं नसेल तर घेऊच नका.

घरी तपासायचं असेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घेऊन वर चिमूटभर पावडर भुरभुरा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडते आणि बुडताना मागे तपकिरी रेघा सोडते. गार कॉफीत तिचा मुळकट कडूपणा उघडा पडतो, आणि पावडर वाढवाल तशी चिकोरीही वाढत जाते. बिनचिकोरीची अरेबिका (कॉफीची एक जात) आणा. चिकमगळूरची, कोडगूची, कुठलीही चालेल.

आता पाणचटपणा. बर्फ हा पाण्याचाच हिस्सा धरा. २० ग्रॅम पावडरीला एरवी २०० मिली पाणी घालत असाल, तर १२० मिलीच घाला आणि उरलेलं ८० ग्रॅम बर्फाच्या रूपात पेल्यात ठेवा. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा दाट अर्क, गरम असतानाच त्यावर ओता. आधी गार करत ठेवलं की वास उडून जातो, असं माझं मत. काहींना ते पटत नाही. घाई नसेल तर जाडसर दळलेली पावडर आठपट पाण्यात भिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी मलमलीतून गाळा. ही जास्त गुळमट लागते, आंबटपणा कमी असतो. मला स्वतःला पहिलीच आवडते.

बर्फाबद्दल आपल्याकडे बोलायलाच हवं. १ जूनला मासेमारी बंद होते, म्हणून त्याआधी फ्रीजर सुंगटांनी (कोळंबीने) नि बांगड्यांनी गच्च भरतो, आणि त्याच फ्रीजरात उघडा ट्रे! बर्फ वास ओढून घेतो. झाकणाचा ट्रे घ्या, चौकोन झाले की घट्ट डब्यात काढून ठेवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर आधी उकळून गार करा. किनाऱ्याजवळच्या काही बांयींचं (विहिरींचं) पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते कॉफीला नकोच.

साखर गार कॉफीत विरघळत नाही, तळाशी बसते. समभाग पाण्यात पाक करून बाटलीत ठेवा. एकदा साखरेऐवजी माडाचा गूळ घालून बघा, पण दूध घालणार असाल तर पाक पूर्ण गार झाल्यावरच मिसळा, नाहीतर दूध फाटू शकतं. आणि पावडर पावसाळ्यात थोडी थोडीच आणा. दमट हवेत उघडं पाकीट लवकर मऊ पडतं, मग त्याला कॉफीचा वासच राहत नाही.