आधुनिक स्पॅनिश तत्त्वज्ञान वाचायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओर्तेगा इ गासेतचं ‘जनसमूहाचं बंड’ इंग्रजीतून वाचायला घेतलं, पण एका उच्चभ्रू माणसाने गरिबांच्या गर्दीवर काढलेला राग वाटला म्हणून अर्ध्यात सोडलं. मग त्याचं, उनामुनोचं, सांब्रानोचं नाव एवढ्या आदराने का घेतात? आणि वाचायचंच तर कोणत्या क्रमाने?

पहिल्याच पायरीला तुम्ही चौथ्या क्रमांकाचं पुस्तक उचललंत. मी सुचवेन तो क्रम असा: उनामुनोची एक छोटी कादंबरी, मग ओर्तेगाची ‘तत्त्वज्ञान म्हणजे काय?’ ही व्याख्यानं, त्यानंतर त्याचाच ‘कल्पना आणि श्रद्धा’ हा निबंध, मग हे बंड, मग मारिया सांब्रानो आणि सगळ्यात शेवटी सुबिरी.

हे लिखाण बरंचसं विद्यापीठाच्या वर्गाबाहेर जन्मलं आहे, हे आधीच लक्षात ठेवा. ओर्तेगा वर्तमानपत्र चालवणाऱ्या घरातला. ‘जनसमूहाचं बंड’ १९२९ मध्ये ‘एल सोल’ या दैनिकात लेखमाला म्हणून सुरू झालं आणि १९३० मध्ये पुस्तक म्हणून आलं. त्यामुळे त्यात पुनरावृत्ती आहे, भाषा चढी आहे आणि प्रत्येक प्रकरण वाचकाला नव्याने पकडू पाहतं. शंभर पानं सलग वाचली की लेखक तेच तेच सांगतोय असं वाटून कंटाळा येतो. एका बैठकीत एकच प्रकरण घ्या.

मिगेल दे उनामुनो (१८६४–१९३६) हा बिल्बावचा, सालामांका विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू. त्याची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ (१९३१) ही कादंबरी एका संध्याकाळी वाचून होते. तळ्याकाठच्या एका खेड्यातला पाद्री मरणोत्तर जीवनावर विश्वास ठेवू शकत नाही. तरीही गावकऱ्यांची श्रद्धा तो जिवापाड जपतो. चर्चमध्ये सगळं गाव एका सुरात श्रद्धावचन म्हणतं. ‘देहाचं पुनरुत्थान आणि अनंत जीवन’ या ओळीपाशी पाद्र्याचा आवाज गावाच्या आवाजात बुडून जातो, कारण तिथे तो गप्प होतो. उनामुनोचं सगळं तत्त्वज्ञान या एका गप्प होण्यात सामावलेलं आहे. बुद्धी सांगते की मरणानंतर काही उरत नाही, आणि हाडामांसाच्या माणसाला तर मरायचं नसतं. दोघांपैकी कुणीच हार मानत नाही, आणि जगण्याचं बळ त्या झगड्यातूनच येतं. हे पटलं, निदान भिडलं, की ‘जीवनाची शोकात्म जाणीव’ (१९१३) या ग्रंथातली पहिलं, तिसरं आणि सहावं अशी तीन प्रकरणं वाचा. त्यात अमरत्वाची सिद्धता शोधू नका. ती मिळत नाही म्हणूनच हा ग्रंथ लिहिला गेला आहे.

नेटवर फिरणाऱ्या एका गोष्टीबद्दल सावध राहा. १२ ऑक्टोबर १९३६ रोजी सालामांका विद्यापीठाच्या सभागृहात उनामुनो पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या पक्षाच्या जनरल मियान आस्त्रायसमोर उभा राहून बोलला, हे खरं. पण ‘तुम्ही जिंकाल, पण पटवू शकणार नाही’ हे सर्वत्र उद्धृत होणारं अख्खं भाषण म्हणजे लुईस पोर्तियो याने नंतर, १९४१ मध्ये, इंग्रजी नियतकालिकासाठी केलेली पुनर्रचना आहे. त्या दिवसाचं शब्दशः टिपण म्हणून ते कुठेही देऊ नका.

आता ओर्तेगा (१८८३–१९५५). त्याचं ‘मी म्हणजे मी आणि माझी परिस्थिती’ हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. मूळ वाक्य तिथे संपत नाही. ‘आणि तिला मी वाचवलं नाही, तर मीही वाचत नाही,’ असं ते पुढे जातं. अर्धं वाक्य ऐकणाऱ्याला ओर्तेगा परिस्थितीला शरण गेलेला वाटतो. पूर्ण वाक्यात तो परिस्थितीची जबाबदारी अंगावर घेतो. हे वाक्य ‘डॉन किहोतेवरील चिंतनं’ (१९१४) या पुस्तकाच्या प्रास्ताविकात येतं आणि त्याच्या आसपासचा मजकूर फार मोलाचा आहे. विश्वाकडे जाण्याची आपली वाट माद्रिदजवळच्या ग्वादारामा डोंगररांगेच्या खिंडींतून उघडते, असं तो तिथे लिहितो. ‘वाचवणं’ म्हणजे भोवतालच्या गोष्टींचा अर्थ शोधणं, हेही तो तिथेच प्लेटोच्या परंपरेचा दाखला देऊन सांगतो.

हाच ग्वादारामा १९१६ च्या एका निबंधात पुन्हा भेटतो. एक माणूस एस्कोरियालच्या बाजूने तो डोंगर बघतो, दुसरा पलीकडून, सेगोवियाच्या बाजूने. खरा डोंगर कुणाचा यावर दोघांनी भांडण्यात काही अर्थ आहे का? दोन्ही दर्शनं खरी आहेत आणि वेगळी आहेत म्हणूनच खरी आहेत. याला ‘ज्याचं त्याचं सत्य’ समजणं ही सर्रास होणारी चूक. ओर्तेगाच्या मते डोंगर एकच आहे आणि चुकीचं बघणंही शक्य आहे. फक्त कुठूनच न बघता बघता येत नाही, आणि माझ्या जागेवरून जे दिसतं ते मी टिपलं नाही तर तेवढं सत्य हुकतं.

‘तत्त्वज्ञान म्हणजे काय?’ ही व्याख्यानं १९२९ मधली. प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीने माद्रिद विद्यापीठ बंद केलं तेव्हा ओर्तेगाने ती आधी एका सभागृहात आणि मग चक्क नाट्यगृहात पूर्ण केली. व्याख्यानं अकरा आहेत. दमछाक होते ती मधल्या भागात, जिथे ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या देकार्तचा ‘मी’ तपासला जातो. तिथे अडलात तर सरळ नवव्यावर जा. ‘मी’ आधी की जग आधी, या वादाला बगल देऊन तो तिथे म्हणतो की आधी आहे ते जगणं, म्हणजे माझं आणि जगाचं एकत्र असणं. तो धागा हातात धरून मागे या, म्हणजे देकार्त जड जाणार नाही.

‘कल्पना आणि श्रद्धा’ (१९४०) अगदी छोटा आहे. कल्पना आपल्याजवळ असतात, श्रद्धांमध्ये आपण असतो, हा त्याचा गाभा. घराबाहेर पडायचं ठरवताना आपण बाकी शंभर गोष्टींचा विचार करतो, पण दाराबाहेर रस्ता असेल ना, हे कुणी तपासत नाही. त्या रस्त्यावरचा भरवसा म्हणजे श्रद्धा. इथे तिचा देवाधर्माशी संबंध असेलच असं नाही. ओर्तेगाला वादपटू समजणाऱ्यांनी हा निबंध तरी वाचावाच.

आता बंडाकडे या. पहिल्या प्रकरणात गाड्या, हॉटेलं, नाटकघरं, समुद्रकिनारे, नावाजलेल्या डॉक्टरांच्या खोल्या अशी सगळीकडची गर्दी येते, आणि तिथेच वाचकाचा गैरसमज होतो. त्याच प्रकरणात तो स्पष्ट म्हणतो की ही विभागणी सामाजिक वर्गांची नाही; कामगारांमध्येही उत्तम शिस्तीची मनं आढळतात. त्याच्या लेखी ‘जनसमूहातला माणूस’ म्हणजे आपण चारचौघांसारखे आहोत यावर खूश असणारा, स्वतःकडून काहीच न मागणारा. शंका असेल तर बारावं प्रकरण आधी वाचा. तिथे या माणसाचा ठळक नमुना म्हणून तो वैज्ञानिकाला उभं करतो: स्वतःच्या इवल्याशा विषयात पारंगत आणि त्या जोरावर राजकारण, कला, धर्म सगळ्यांवर अधिकारवाणीने बोलणारा. फ्रेंच वाचकांसाठीची प्रस्तावना आणि इंग्रजांसाठीचा उपसंहार नंतर जोडलेले आहेत; पहिल्या वाचनात सोडा.

तुमचा राग मात्र सगळाच गैरलागू नाही. ‘जगावर सत्ता कुणाची?’ या चौदाव्या प्रकरणात युरोपने जगाला हुकूम देणं ही त्याला स्वाभाविक व्यवस्था वाटते. युरोपचा हात सैल झाला तर जग दिशाहीन होईल, ही त्याची चिंता आणि एकत्रित युरोप हा त्याचा उपाय. पुस्तक आलं त्याच वर्षी आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह चालू होता. हुकूम सोसणाऱ्यांना हा प्रश्न कसा दिसतो याकडे तो वळत नाही, आणि दृष्टिकोनांचं तत्त्वज्ञान मांडणाऱ्याकडून ही उणीव मला मोठी वाटते.

मारिया सांब्रानो (१९०४–१९९१) ही वेलेस-मालागाची, ओर्तेगाची विद्यार्थिनी. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढणारी प्रजासत्ताकाची बाजू हरली आणि जानेवारी १९३९ मध्ये तिने देश सोडला. मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको, रोम, फ्रान्स, स्वित्झर्लंड असं फिरून ती १९८४ मध्ये परतली, आणि १९८८ मध्ये सेर्वांतेस पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरली. सुरुवात ‘तत्त्वज्ञान आणि कविता’ (१९३९) पासून करा. प्लेटोने कवींना आपल्या आदर्श नगराबाहेर काढलं, तिथून ती निघते. तत्त्वज्ञ एकत्वासाठी वस्तूंपासून स्वतःला ओढून तोडतो. कवी त्या अनेक वस्तूंना धरून राहतो. या तोडण्यातली हिंसा तिला खुपते, आणि पुढची तिची ‘काव्यात्म बुद्धी’ तिथूनच वाढते. ‘रानातल्या मोकळ्या जागा’ (१९७७) हे तिचं सर्वांत सुंदर पुस्तक, पण त्याने सुरुवात केलीत तर हाताला काही लागणार नाही.

सांब्रानोसारखाच ओर्तेगाचा शिष्य होसे गाओसही देश सोडून मेक्सिकोत गेला आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या मुख्य ग्रंथाचं पूर्ण स्पॅनिश भाषांतर त्याने १९५१ मध्ये दिलं, इंग्रजी भाषांतराच्या ११ वर्षं आधी.

हावियेर सुबिरी (१८९८–१९८३) अवघड आहे, हे मान्य करूनच हातात घ्या. ‘सत्त्वाविषयी’ (१९६२) हे प्रसिद्ध पुस्तक टाळा आणि संवेदनशील बुद्धीवरच्या तीन खंडांतला १९८० चा पहिला खंड घ्या. परिशिष्टं वगळलीत तरी चालेल. एक उदाहरण पक्कं करा. प्राण्याला ऊब जाणवते ती उद्दीपन म्हणून, आणि तो जवळ सरकतो किंवा दूर पळतो. माणसाला ऊब जाणवते ती ‘स्वतःहूनच ऊबदार असलेली’ काहीतरी म्हणून. म्हणजे वास्तव आपल्याला संवेदनेतच मिळतं, नंतर विचाराने त्यात घालावं लागत नाही. पुढचा सगळा डोलारा यावर उभा आहे.

फ्रँकोच्या उत्तरकाळाची चव घ्यायची असेल तर एक वाद जोडीने वाचा. १९६८ मध्ये बार्सिलोनाचा मार्क्सवादी मानुएल साक्रिस्तान म्हणाला की तत्त्वज्ञानाची स्वतंत्र पदवीच बंद करा. आधी एखादं विज्ञान शिका, मग तत्त्वचिंतन करा. ओव्हिएदोच्या गुस्ताव्हो बुएनोने १९७० मध्ये अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं: तत्त्वज्ञान इतर ज्ञानांवर उभं असतं हे कबूल, पण अनेक शास्त्रांतून आरपार जाणाऱ्या संकल्पनांची छाननी हे त्याचं स्वतःचं काम आहे. साक्रिस्तानची पुस्तिका छोटी आहे, ती आधी वाचा.